व्हिटॅमिन : एका नावाची जन्मकथा

औषधाच्या बाटलीवर ‘व्हिटॅमिन’ हा शब्द आपण कितीदा तरी वाचला असेल. त्याच्या इंग्रजी लेखनातले शेवटचे ‘ई’ हे अक्षर मुद्दाम काढून टाकलेले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याची हकिकत भाताच्या ताटापासून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडच्या भातखाऊ मुलखांत बेरीबेरीने कहर मांडला होता. पाय लुळे पडत, अंगावर सूज येई, शेवटी हृदय थके. १८८२-८३ च्या सफरीत जपानी आरमाराच्या ‘र्‍यूजो’ जहाजावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना हा रोग जडला, २५ दगावले. आरमाराचे डॉक्टर ताकाकी यांनी १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने धाडले, पण शिधा बदलून. या खेपेस बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. अन्नात प्रथिने कमी पडतात असा ताकाकींचा तर्क होता. तर्क चुकला, शिधा मात्र बरोबर निघाला! भूसेनेचे डॉक्टर जंतूचाच हट्ट धरून बसले, आणि १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात सुमारे २७ हजार जपानी सैनिक बेरीबेरीने मेले.

त्यांना नुसती नावे ठेवून चालणार नाही. तो जमाना पाश्चर आणि कॉख यांचा. काहीतरी पोटात गेल्याने रोग होतो, हे चटकन पटते. न गेल्याने होतो, हे पटायला वेळ लागतो.

जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आइकमन हे डच डॉक्टरही जंतूच शोधत होते. त्यांच्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला पांढरा भात घातला जाई. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना का म्हणून, असे म्हणून त्याने तो बंद केला! नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाचे शास्त्रावर असेही उपकार होतात. तरी आइकमन यांना पांढऱ्या तांदळात विष असावे असेच वाटे. कोंड्याबरोबर अन्नातले काहीतरी आवश्यक निघून जाते, हे त्यांचे सहकारी ख्राइन्स यांनी १९०१ साली मांडले.

त्या ‘काहीतरी’ला नाव दिले कासिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने, १९१२ साली लंडनमध्ये. लॅटिन ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. त्याला ‘अमाइन’ हा नत्रयुक्त पदार्थांचा वर्ग जोडला, झाले ‘व्हिटामाइन’. शुद्ध पदार्थ हाती यायच्या आधीच बारसे उरकले म्हणा ना! पुढे असे आणखी पदार्थ सापडले, पण सगळेच अमाइन वर्गातले दिसेनात. तेव्हा १९२० साली ड्रमंड या इंग्रज शास्त्रज्ञाने तोड सुचवली : शेवटचे ‘ई’ गाळा, म्हणजे नाव राहील आणि दावा जाईल.

गंमत पुढेच आहे. ज्या बेरीबेरीवरून हे नाव निघाले, तिच्यावरचे बी-१ जीवनसत्त्व खरोखरच अमाइन निघाले. त्याचे शुद्ध स्फटिक १९२६ साली जावातच मिळाले, आणि १९३६ साली ते प्रयोगशाळेत बनवणारे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स जन्मले होते आपल्याकडच्या नेल्लोरला.

आपल्या ‘जीवनसत्त्व’ या शब्दाने फुंक यांचे जीवन तेवढे उचलले, अमाइन सोडून दिले. त्यामुळे आपल्याला काही गाळावे लागले नाही. कोकणात आणि गोव्यात तर उकडा तांदूळ पूर्वीपासून खातात. भात सालीसकट उकडताना कोंड्याकडचे बी-१ काही अंशी दाण्यात मुरते, आणि गिरणीत सडल्यावरही त्यातले बरेचसे टिकून राहते.