शिल्लक नाही, तरीही नोटा

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. दुपारनंतर पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा पैसा जगभरच्या एटीएममधून बाहेर पडू लागला. रात्रीपर्यंत २८ देशांत मिळून १४ हजारांहून जास्त व्यवहार झाले आणि सुमारे ८० कोटी रुपये गेले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून धाडलेल्या खोट्या संदेशांवर आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेची तिजोरी मात्र कुणी फोडली नव्हती.

पुणे पोलिसांनी सर्वांत आधी पकडलेल्या दोघांपैकी एक भिवंडीचा होता, दुसरा औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. बनावट कार्डे घेऊन टोळीने कोल्हापुरातल्या एटीएममधून सुमारे ८९ लाख काढले, असे तपासात पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. ही सगळी माणसे शेवटच्या टोकाची. कार्ड सरकवायचे, पिन दाबायचा, नोटा पिशवीत भरायच्या, एवढेच त्यांचे काम. ज्या चोरवाटेने हे शक्य झाले, ती उघडणारे कुणीच आरोपींच्या पिंजऱ्यात उभे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात कॉसमॉसच्या चोरीमागे उत्तर कोरियाचा हात असल्याचे नोंदवले.

ही चोरवाट समजून घ्यायला हवी. एटीएम स्वतः काहीच ठरवत नाही. ते बँकेला एक संदेश धाडते आणि स्विच नावाची यंत्रणा तो पुढे नेऊन उत्तर परत आणते. या संदेशांचा साचा आयएसओ ८५८३ या मानकाने बांधून दिलेला आहे. उत्तरात दोन अंकांचा संकेत असतो: ‘००’ म्हणजे पैसे द्या, ‘५१’ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. स्विचमध्ये शिरलेल्याला खातेदारांच्या शिलकीला हातही लावावा लागत नाही. नकार वाटेतच अडवून होकार पाठवला की झाले. कॉसमॉसमध्ये खऱ्या यंत्रणेला बगल देऊन बनावट स्विचने असेच होकार दिले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी या पद्धतीचा जाहीर इशारा दिला. फास्टकॅश हे तिचे नाव. तेव्हा सापडलेले नमुने आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीसाठी लिहिलेले होते. २०२० मध्ये विंडोजवरचा अवतार उघड झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सचा. उबुंटूवर चालणारा हा नमुना चालू प्रोग्रामच्या स्मृतीत घुसतो, येणारे संदेश चाळतो आणि ठरावीक कार्डांचा ‘शिल्लक नाही’ हा नकार हेरून त्या जागी होकार बसवतो. रक्कमही तोच टाकतो: १२ हजार ते ३० हजार तुर्की लिरांच्या दरम्यान कुठलीही. जून २०२३ मध्ये तपासणीसाठी पहिल्यांदा अपलोड झाला, तेव्हा नेहमीच्या अँटीव्हायरसना तो ओळखताही आला नव्हता.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे अजून छातीठोकपणे ऐकवले जाते. घरच्या संगणकापुरते त्यात थोडे तथ्य असेलही. पण लिनक्स आता सर्व्हरवर आहे आणि पैशाचा हिशेब सर्व्हरवरच चालतो. चोर तिथे येणारच. नोकरदारांचे पगार आणि शेतकऱ्यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या सहकारी बँकांना हे समजून चालणे भाग आहे.

बनावट कार्डांचा हा धंदा चालला तो चुंबकीय पट्टीच्या जोरावर, कारण तिची नक्कल सहज होते. रिझर्व्ह बँकेने चिपचे कार्ड देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत आधीच घालून दिली होती. चोरी तिच्या साडेचार महिने आधी झाली. चिपने पुढचे दार बरेच पक्के केले. स्विचकडून येणारे उत्तर खरोखर बँकेचेच आहे ना, हे मात्र चिपवर सोडून चालत नाही. त्यासाठी प्रत्येक उत्तरावर पडताळणीचा संकेत लावावा आणि तो न जुळल्यास व्यवहार थांबवावा, ही शिफारस अमेरिकी इशाऱ्यातच केलेली आहे.