माहेरी परतलेलं गाणं

'ख्रिस्ती रॉक' हे दोन शब्द शेजारी शेजारी ऐकले की आपल्या पिढीच्या माणसाला कसं वाटतं? कुणी 'कीर्तनात लावणी' म्हटल्यावर वाटावं, साधारण तसंच! चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संथ ऑर्गन आणि शुभ्र झगे घातलेला गायकवृंद उभा राहतो. रॉक म्हटलं की खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं आणि कानठळ्या बसवणारी गिटार. ही सोयरीक जुळायची कशी?

पण मंडळी, कीर्तन आणि लावणी यांचं तरी आपल्याकडे कुठे कायमचं वाकडं होतं? सोलापूरचे रामजोशी फडावर लावण्या गायचे आणि तेच कीर्तनालाही उभे राहिले. मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी बसल्या त्यात या लावणीकाराच्या गळ्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा नाक मुरडण्याआधी जरा इतिहास पाहावा हे बरं. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, ती खोड काही जात नाही.

मुळात मी या संगीताच्या वाटेला गेले ती लेकीमुळे. काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत तिच्याकडे, डॅलसजवळ, सहा महिने राहिले होते. हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नातीला शाळेत सोडायला लेक गाडी काढायची, मीही बसायची. गाडीत रेडिओ चालू. एका सकाळी एक गाणं लागलं. सुरुवातीला नुसता पियानो, मग हळूहळू वाढत जाणारे ड्रम्स आणि गिटारी. शब्द सगळे कळले नाहीत, पण गाणारा कुणाच्या तरी दर्शनाची वाट बघतोय, एवढं कळलं. समोर उभा राहिल्यावर मी काय करीन, नाचेन की नुसता स्तब्ध होईन, असं काहीसं. मी लेकीला म्हटलं, "हा तर आपल्या वारकऱ्याच्या तळमळीचा अभंग झाला गं!" ती हसली. "आई, हे ख्रिश्चन स्टेशन आहे. ट्रॅफिकच्या बातम्यांसाठी लावते मी."

गाणं होतं मर्सीमी नावाच्या बँडचं, 'आय कॅन ओन्ली इमॅजिन'. गायक बार्ट मिलार्ड टेक्सासमधल्याच ग्रीनव्हिल गावचा. त्याचे वडील अतिशय मारकुटे होते. पुढे कॅन्सर झाला आणि शेवटच्या काळात माणूस पार बदलला. १९९१ मध्ये ते गेले. त्या दुःखातून, बऱ्याच वर्षांनी, हे गाणं आलं. २००१ च्या 'ऑलमोस्ट देअर' या अल्बममुळे ते गाजलं आणि २००३ मध्ये साध्या, धर्माशी संबंध नसलेल्या रेडिओ स्टेशनांवरही वाजू लागलं. २०१८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. मला ते गाणं का भिडलं हे सांगायला नकोच. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला दुसऱ्याचं रडणं भाषेशिवाय समजतं.

नात मात्र चौकस. "आजी, तू रोज देवपूजा करतेस आणि हे पण ऐकतेस?" तिला उत्तर द्यायचं म्हणून तिच्या शहरातल्या लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि मग जी कहाणी हाती लागली ती कादंबरीपेक्षा सुरस निघाली.

लोक समजतात की रॉक बाहेर, दारूच्या गुत्त्यात जन्मलं आणि नंतर ते चर्चमध्ये घुसवलं. प्रत्यक्षात त्याचं माहेरच चर्च! दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या पेंटेकोस्टल चर्चांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून टाळ्या, खंजिरी, ड्रम, गिटार यांच्या साथीने भजनं चालत. माणसं अंगात आल्यासारखी नाचत. अशाच एका चर्चमध्ये रोझेटा थार्प वाढली. जन्म १९१५ चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावचा. आई प्रवचनं करत गावोगाव फिरायची, मॅन्डोलिन वाजवायची आणि ही चिमुरडी गिटार घेऊन गायची. १९३८ मध्ये तिने तीच भक्तिगीतं न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये, जिथे लोक मौजमजेसाठी येत, तिथे गायली. चर्चमधली मंडळी संतापली. पुढे विजेची गिटार गळ्यात अडकवून 'सिस्टर रोझेटा' ज्या झपाट्याने वाजवायची, त्याची चित्रफीत आज पाहिली तरी थक्क व्हायला होतं. तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. रॉकच्या पहिल्यावहिल्या गाण्यांत ते धरणारे जाणकार आहेत. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी तिने एका १४ वर्षांच्या पोराला आपल्या मंचावर गायला बोलावलं. तो पोरगा पुढे लिटल रिचर्ड म्हणून जगभर गाजला.

शिकागोचा टॉमस डॉर्सी उलट दिशेने आला. बाप धर्मोपदेशक, पण हा 'जॉर्जिया टॉम' या नावाने चावट ब्ल्यूज गाणी वाजवायचा. पुढे भक्तिगीतांकडे वळला, तर त्याच्या चालींना ब्ल्यूजचा वास येतो म्हणून कित्येक चर्चांनी त्याला दाराबाहेर काढलं. १९३२ मध्ये तो परगावी कार्यक्रमाला गेला असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या काळोखात त्याने 'प्रेशस लॉर्ड' रचलं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी महालिया जॅक्सनने गायलं ते हेच.

तर हे असं माहेर. या घरातून पुढे एकेक जण बाहेर पडला. रे चार्ल्सने १९५४ मध्ये एका भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बेतलं. सॅम कुक १९५७ मध्ये भजनी मंडळ सोडून प्रेमगीतं गाऊ लागला. एल्विस प्रेस्ली मेम्फिसच्या चर्चमधली गाणी ऐकत वाढला. गंमत म्हणजे 'रॉकचा राजा' म्हणवणाऱ्या या माणसाला स्पर्धेतून जी तीन ग्रॅमी मिळाली, ती तिन्ही भक्तिगीतांसाठी! जेरी ली लुईस डॅलसच्या दक्षिणेला वॅक्सहाची इथल्या बायबल शाळेत शिकत होता. भर कार्यक्रमात त्याने एक स्तोत्र बूगी-वूगीच्या ठेक्यावर वाजवलं आणि शाळेने त्याला घरी पाठवलं, असं सांगतात.

लेक बाहेर पडली, नटूनथटून हिंडू लागली आणि घरच्यांनी दार लावून घेतलं. १९५० च्या दशकात दक्षिणेतल्या अनेक गोऱ्या पाद्र्यांनी रॉकला सैतानाचं संगीत ठरवलं. त्यात धर्म किती आणि 'हे काळ्यांचं' म्हणून तिरस्कार किती, हे वेगळं काढता येत नाही.

दार पुन्हा किलकिलं झालं ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियात. हिप्पी पोरं नशापाण्याला कंटाळून येशूकडे वळू लागली. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ नावाचे मध्यमवयीन पाद्री होते. अनवाणी पोरांच्या मळक्या पायांनी नवं कार्पेट खराब होईल म्हणून काही जुन्या मंडळींनी कुरकुर केली, तेव्हा स्मिथ म्हणाले, मग कार्पेटच काढून टाकू. ही गोष्ट तिथे अजून सांगतात. शिक्षक म्हणून मला हा माणूस फार आवडला. वर्गात येणाऱ्या पोराचे पाय बघायचे की पोर बघायचं, हा प्रश्न आम्हालाही रोज पडायचा! त्या पोरांनी गिटारी सोबत आणल्या होत्या, त्या स्मिथनी आत येऊ दिल्या. १९७१ मध्ये त्यातूनच 'मारानाथा' ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली.

याच सुमारास लॅरी नॉर्मन या लांब सोनेरी केसांच्या गायकाचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम आला, १९६९ मध्ये. पहिला ख्रिस्ती रॉक अल्बम म्हणून त्याचंच नाव घेतात. सगळं चांगलं संगीत सैतानाच्याच वाट्याला का, असा सवाल करणारं त्याचं गाणं १९७२ चं. त्याच वर्षी डॅलसमध्ये 'एक्सप्लो ७२' हा मेळावा झाला. सुमारे ८० हजार तरुण जमले, बिली ग्रॅहम बोलले, जॉनी कॅश आणि नॉर्मन गायले.

पण नॉर्मनची अवस्था मोठी विचित्र झाली. रॉकच्या दुकानदारांना त्यात धर्म फार वाटे आणि धार्मिक पुस्तकांच्या दुकानांना त्यात रॉक फार वाटे. दोन्हीकडून चपराक! २००८ मध्ये तो वारला. त्यानंतर काही वर्षांनी त्याचा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतला. विरोधाचा सूर मात्र बरीच वर्षं टिकला. १९८७ मध्ये या संगीतावर झोड उठवणारं पुस्तक लिहिलं जिमी स्वॅगार्ट या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने. हा कोण? तर आपल्या जेरी ली लुईसचा भाऊबंदच! दोघे एकाच गावचे, दोघेही पियानो वाजवणारे. एका घरातला हा तंटा होता, तो असा.

आता हे संगीत इतकं मुरलंय की आपण ऐकतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. नॉर्मन ग्रीनबॉमचं 'स्पिरिट इन द स्काय' सिनेमांत नि जाहिरातींत सतत वाजतं. येशूचं नाव घेणारं हे गाणं लिहिणारा स्वतः ज्यू! टीव्हीवर एका गायकाचं भक्तिगीत ऐकून त्याला ते सुचलं. 'किस मी' हे गोड गाणं आमच्या नातीलाही पाठ आहे. ते गाणाऱ्या सिक्सपेन्स नन द रिचर या बँडचं नाव सी. एस. लुईस यांच्या धर्मविषयक पुस्तकातून घेतलेलं आहे. गाण्यात धर्माचा शब्द नाही. एमी ग्रँटचं १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'बेबी बेबी' तिने तान्ह्या लेकीला पाहून लिहिलं, तरी चर्चमधल्या काहींना ते खटकलंच.

सगळंच ग्राह्य आहे असं मी म्हणणार नाही. यातली बरीच गाणी सुमार आहेत. प्रवचनाला ठेका लावला की गाणं होत नाही. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर आरत्या बसवतात, तसाच तो प्रकार. धंदाही मोठा आहे. पण ज्या गाण्यात माणूस आधी रडलाय आणि मग गायलाय, ते धर्म विचारत बसत नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापलं ते ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूची भक्ती अभंगात आणि कीर्तनात ओतली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. त्यांनाही दोन्ही बाजूंचे बोल बसले. ही ओळख असल्यावर त्या गिटारी मला परक्या कशा वाटाव्यात? नातीला मी एवढंच सांगितलं, "बाळा, देवपूजेत मी डोळे मिटते, कान नाही."

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. गाणं माहेरी परतलं, पण ज्या बाईने ते वाढवलं तिला विचारलं कुणी? ख्रिस्ती रॉकचा बाजार उभा राहिला तो मुख्यतः गोऱ्यांचा. सिस्टर रोझेटा १९७३ मध्ये फिलाडेल्फियात वारली, आणि तीसहून जास्त वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. चाहत्यांनी पैसे जमवले तेव्हा कुठे तो बसला. २०१८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला स्थान दिलं. तेव्हा वाचकहो, हे संगीत ऐकायचं झालं तर सुरुवात तिच्यापासून करा. विजेची गिटार गळ्यात घेऊन उभी राहिलेली ती ठसठशीत बाई एकदा डोळे भरून पाहा.