परम ते गरुड : अंतराचा हिशेब

वीस वर्षांपूर्वी सानपाड्यातल्या घरी बसून मी एक प्रोग्राम दोन शहरांतल्या यंत्रांवर विभागून चालवला होता. यंत्रं दुप्पट, म्हणून वेळ निम्मा लागेल, हा माझा हिशेब. प्रत्यक्षात एकाच यंत्रावर लागायचा त्याहून जास्त वेळ लागला. तेव्हा चूक माझीच वाटली. पुढे कळलं, की या विषयाचा निम्मा इतिहास त्याच चुकीत आहे.

आपल्याकडे महासंगणकाचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. अमेरिकेने हवं ते यंत्र द्यायला खळखळ केली, १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' तयार झाला. २००३च्या जूनमध्ये 'परम पद्म' जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत १७१वा आला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तिच्यात तारा नाहीत.

ताऱांची गोष्ट 'गरुड'ची. वीज कुठल्या केंद्रातून येते हे न विचारता आपण बटण दाबतो, तशी गणनशक्तीही मिळावी, ही 'ग्रिड'ची कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकेत रुजली. त्याच धर्तीवर सी-डॅकने १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडायला घेतल्या. जोडणीचा वेग सुरुवातीला सेकंदाला १० ते १०० मेगाबिट. पुढे राष्ट्रीय ज्ञान जाळं आलं आणि वेग गिगाबिटांत गेला.

मग अडचण संपली का? नाही. तार रुंद करता येते, अंतर कमी करता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-बंगळुरू तार ८०० किलोमीटरची धरली, तर निरोप जाऊन उत्तर यायला किमान आठ मिलिसेकंद. तेवढ्यात एक गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर ८० लाख ठोके मोजतो. हवामानाच्या गणितात प्रत्येक चौकटीला शेजारच्या चौकटीची खबर पावलोपावली लागते. असं गणित दोन शहरांत वाटलं, की यंत्रं बहुतेक वेळ वाट बघत बसतात. माझंही गणित याच जातीचं होतं.

याउलट, हजारो रेणू एकेक करून औषधासाठी तपासायचे असतील, तर एका रेणूचं दुसऱ्याशी देणंघेणं नसतं. कणांच्या टकरींचंही तसंच. म्हणून सर्नच्या सीएमएस प्रयोगाची विदा मुंबईच्या टीआयएफआरमधल्या केंद्रातही हाताळली जाते, आणि जिनिव्हा हजारो किलोमीटर दूर असूनही काम अडत नाही.

२०१५मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर झाली. तिच्यातही देशभरची यंत्रं ज्ञान जाळ्याने जोडायचं ठरलं. बातम्या येतात त्या पेटाफ्लॉपच्या. मला मात्र विचारावंसं वाटतं, की एखाद्या लहान गावातल्या महाविद्यालयातल्या संशोधकाला त्या यंत्रापर्यंत पोचता येतं का, आणि त्याचं गणित वाटून घेण्याजोगं आहे की नाही हे त्याला कुणी आधी सांगतं का? मला कुणी सांगितलं नव्हतं.