लेखणीचा चाकू

विमानतळावरच्या तपासणीत माझ्या पेन्सिलींच्या पाउचमधून एक लाल चाकू निघाला. जवानाने तो बोटांत फिरवून पाहिला, थोडा हसला आणि शेजारच्या प्लास्टिकच्या टबात टाकला. ‘पेन्सिलीला टोक काढायला आहे तो,’ मी म्हणाले. ‘मॅडम, चाकू तो चाकू है,’ तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण माझी सबब मला तेव्हा वाटली त्यापेक्षा बरीच जुनी होती, हे मला नंतर कळलं.

तो चाकू बंद असताना ५८ मिलिमीटर लांब. वजन वीस-एकवीस ग्रॅम. एक पातं, एक कात्री, टोकाला स्क्रू-ड्रायव्हर असलेली नखांची कानस. मुठीच्या खाचेत एक चिमटा आणि एक दातकोरणं. ज्याला जग ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणतं, त्या घराण्यातलं हे शेंडेफळ. खपतं भरपूर, पण त्याच्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही. लिहितात ते ९१ मिलिमीटरच्या थोरल्या भावाविषयी: सैन्य, गिर्यारोहण, अंतराळयात्रा. धाकटा किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेला राहतो. माझं म्हणणं असं, की या घराण्याची सर्वांत जुनी गोष्ट या धाकट्याकडेच आहे आणि ‘आर्मी’ या एका शब्दाने ती झाकून टाकली.

आधी सैन्याची गोष्ट, कारण ती खोटी नाही. स्विस सैन्याने १८८९ साली श्मिट-रुबिन ही नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागे आणि शिधा डबाबंद येऊ लागला होता. म्हणून शिपायासाठी चार अवजारांचा चाकू ठरला: पातं, आरी, डबा फोडायचं हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर. पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले. श्वित्स परगण्यातल्या इबाख गावी १८८४ पासून कार्ल एल्सेनर नावाचा कारागीर चाकूंचा कारखाना चालवत होता. आपल्या सैन्याचा चाकू परदेशातून यावा हे त्याला रुचेना. त्याने देशातल्या कारागिरांची संघटना उभी केली आणि १८९१ मध्ये पहिला माल सैन्याला पोचवला. झोलिंगेनचे कारखाने मात्र तोच चाकू स्वस्तात देऊ शकत होते. एल्सेनर जवळपास बुडाला.

त्याला तारलं ते दुसऱ्या चाकूने. शिपायाचा चाकू मजबूत पण बोजड होता. एल्सेनरने हलका, देखणा चाकू घडवला आणि मुठीच्या पाठीलाही अवजारं बसवली. दोन्ही बाजूंची अवजारं एकाच स्प्रिंगवर तोलायची, ही त्यातली खुबी. त्यामुळे सहा अवजारांना दोनच स्प्रिंगा पुरल्या. जुन्या चार अवजारांत त्याने बुचं काढायचा स्क्रू आणि एक दुसरं, छोटं पातं घातलं. १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी झाली. नाव ठेवलं ‘अधिकाऱ्यांचा आणि खेळाडूंचा स्विस चाकू’. गंमत अशी, की सैन्याने तो कधी अधिकाऱ्यांना दिलाच नाही. ज्याला हवा त्याने दुकानातून विकत घ्यायचा. म्हणजे जगभर सैनिकी म्हणून गाजलेलं हे रूप जन्मापासून नागरी होतं.

मग ‘आर्मी’ आली कुठून? भाषांतरातून. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अमेरिकन सैनिकांना ‘ऑफित्सियर्समेसर’ हा शब्द उच्चारता येईना, म्हणून त्यांनी ‘स्विस आर्मी नाइफ’ असं सुटसुटीत नाव पाडलं, असं सांगतात. अधिकारी गेला, खेळाडू गेला, सगळं सैन्य आत आलं. फ्रेंचांनी सैन्याला हात लावला नाही. त्यांच्यासाठी तो नुसता ‘कुतो स्विस’, स्विस चाकू. इटालियन त्याला लाडाने ‘कोल्तेल्लीनो’ म्हणतात, चाकुला म्हणावं तसं. कंपनीचं नावही दोन धाग्यांनी विणलेलं: एल्सेनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि १९२१ मध्ये त्याला जोडलेलं ‘इनॉक्स’, न गंजणाऱ्या पोलादाचं फ्रेंच नाव.

आता त्या दुसऱ्या, छोट्या पात्याकडे वळू. शिपायाला त्याचा काय उपयोग? खिशातल्या चाकूच्या छोट्या पात्याचा जुना धनी लिहिणारा माणूस आहे. पिसाची लेखणी तासायची, कागदावरचा चुकलेला शब्द हलकेच खरवडायचा, ही त्याची कामं. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा पिसाच्या लेखणीचाच चाकू. जर्मन ‘फेडरमेसर’चा अर्थही तोच. इटालियन ‘तेंपेरीनो’ लेखणी नीट करण्याच्या क्रियापदावरून आला. फारसीत ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा. उर्दूनेही तो घेतला. इतक्या दूरदूरच्या भाषांनी एका छोट्या पात्याला लेखणीवरून नाव दिलं. बंदूक त्यातल्या एकाही नावात नाही.

मराठीत असा वेगळा शब्द रुळला नाही, पण भेद होताच. सुरी संस्कृतातून आली आणि स्वयंपाकघरात राहिली. चाकू फारसीच्या वाटेने आला आणि खिशात राहिला. जुन्या माणसांच्या बोलण्यात चाकू म्हणजे मिटणारा. माझ्या आजोबांकडे शिंगाच्या मुठीचा असा एक चाकू होता. शाळेत बोरूने कित्ता गिरवलेली ती पिढी. बोरू तासणं ही आधी शिकायची विद्या होती: टोकाला तिरका छाट, मधोमध बारीक चीर. छाट चुकला की मोडीचं वळण बिघडायचं. माझ्या लहानपणी दुकानात चार आण्याला शार्पनर मिळत असूनही ते माझी पेन्सिल चाकूनेच तासत. ‘शार्पनर लाकूड खातो,’ म्हणत.

११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आली. या छोट्या चाकूंची विमानतळावरची विक्री जवळपास थांबली आणि कंपनीचा एकूण खपही मोठा घसरला. कंपनीने तरीही कामगारांना काढलं नाही. काहींना तात्पुरतं दुसऱ्या कारखान्यांत कामाला पाठवलं. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, की पातं नसलेल्या अवजारावर विचार चालू आहे. व्यापाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच असेल. कात्री राहील, कानस राहील, कदाचित विमानातही चालेल. पण पातं गेलं की लेखणीशी असलेलं शेवटचं नातंही जाईल, आणि ते होतं हे सांगायला ‘स्विस आर्मी’ या नावात काहीच उरलेलं नाही.

मी नवा चाकू घेतला. प्रवासात तो आता सामानाच्या बॅगेत असतो, घरी पेन्सिलींच्या पेल्यात. अनुवादाचा पहिला खर्डा मी पेन्सिलीनेच लिहिते. शब्द अडला की टोक काढत बसते; लाकडाची साल वळत खाली पडते आणि तेवढ्यात कधीकधी शब्द सापडतो. आजोबांचा चाकू कुणाकडे गेला, घरात कुणालाच आठवत नाही.