राजधानीचें कुरण

गोल्फ ह्या खेळाविषयीं मराठींत फारसें लिहिलें गेलेलें नाहीं, आणि त्याचें नवल वाटावयास नको. ज्यांनीं तो येथें आणिला ते परके. त्याचा खर्च मध्यम स्थितींतील गृहस्थास न झेपणारा. आणि त्याचीं मैदानें बहुधा कुंपणाआड. विटीदांडूस एक दांडू आणि घरासमोरील अंगण पुरतें. येथें गड्याच्या पिशवींत चौदापर्यंत काठ्या असतात, आणि अठरा भोकांचा एक फेरा पुरा करावयास चार तास व शंभर-सव्वाशें एकर जमीन लागते. एवढी जमीन राजधानीच्या शहरांत मोकळी राहिली ती कोणासाठीं, आणि तत्पूर्वीं तिजवर कोण वावरत होतें, हा प्रश्न आम्हांस खेळाहूनही अधिक विचार करण्यासारखा वाटतो. म्हणून प्रस्तुत टिपण हा प्रवासाचा बेतही आहे आणि थोडासा इतिहासही.

हा बेत आम्ही भिवंडी तालुक्यांतील अंबाडी गांवाहून आखीत आहों. भिवंडीहून वाड्यास जातांना वज्रेश्वरीकडे वळावयाचें तें येथूनच. येथून मुंबईकडे जाणारास एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. मुंबईच्या जुन्या मैदानांपैकीं प्रथम लागणारें तें वयानें सर्वांत धाकटें, आणि जसजसें दक्षिणेस जावें तसतसा काळ मागें सरकत जातो. मात्र निघण्यापूर्वीं वाचकांनीं ह्या मुलखांतील गवताकडे एकवार नीट पाहून घ्यावें. मुंबईच्या तबेल्यांना ठाणें जिल्ह्यांतून गवत जात असे, आणि तें कापणाऱ्यांत वारली व इतर आदिवासी मजूर फार. १९४५ सालीं उंबरगांव-डहाणूकडील वारल्यांनीं लढा उभारला, तेव्हां पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये ही त्यांची मागणी होती. त्या वर्षीं ऑक्टोबरांत तलवाड्यास त्यांच्या जमावावर गोळीबार झाला. गवत कापण्याच्या मजुरीसाठीं इतकें सोसणाऱ्या लोकांच्या जिल्ह्यांतून आपण निघालों आहों, आणि जेथें चेंडू सुरळीत घरंगळावा म्हणून गवत कापतात तेथें जावयाचें आहे.

ठाणें ओलांडून चेंबुरास आलें म्हणजे १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब लागतो. इलाखा केव्हांच इतिहासजमा झाला. क्लबाच्या पाटीवर तो अजून नांदत आहे. हीं बहुतेक मैदानें सभासदांचीं असल्यामुळें ओळखीच्या सभासदाकडून आगाऊ व्यवस्था केल्यावांचून जाण्यांत अर्थ नाहीं. नवख्यानें खारघरला जावें. डोंगराच्या कुशींतील तें मैदान सिडकोनें केलेलें, आणि तेथें पैसे भरून कोणासही खेळतां येतें. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, आणि सूर्योदयाची वेळ त्याहून उत्तम. पुण्यास येरवड्याचें मैदान आहे. इलाख्याचा कारभार पावसाळ्यांत पुण्यास हालत असे, म्हणून तेंही राजधानीचेंच म्हणावयाचें. पण एका दिवसाच्या बेतांत तें बसत नाहीं.

महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ विलिंग्डन क्लब आहे. गव्हर्नर विलिंग्डन ह्यांस आपल्या भारतीय पाहुण्यांसह एका गोऱ्या क्लबांत प्रवेश मिळाला नाहीं, म्हणून त्यांनीं १९१८ सालीं गोऱ्यांस व भारतीयांस सारखाच खुला असा हा क्लब काढविला, असें सांगतात. गोष्ट स्तुत्यच. परंतु हे भारतीय म्हणजे संस्थानिक, शेटसावकार आणि बॅरिस्टर. त्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहणारी पोरें भारतीयच होतीं, त्यांस दरवाजा निराळ्या अर्थानें उघडा होता.

तेथून कुलाब्यास जातां येईल. समुद्राच्या कांठचें युनायटेड सर्व्हिसेस क्लबाचें मैदान लष्करी मंडळींचें. पण आमच्या मतें यात्रेचें खरें स्थान त्याच्या अलीकडे, आझाद मैदान व ओव्हल ह्यांच्या आसपास आहे, आणि तेथें आज गोल्फ नाहीं. किल्ल्याच्या तटाबाहेर तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून इंग्रजांनीं येथें विस्तीर्ण पटांगण राखिलें होतें; त्यास एस्प्लनेड म्हणत. शहरचीं गुरें तेथें चरत. १८३८ सालीं सरकारनें चराईवर कर बसविला, तो पुष्कळ गरीब गुरेंवाल्यांस देववेना. तेव्हां जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं पदरचे वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ समुद्रकांठीं कुरण विकत घेतलें आणि गुरांस फुकट चरूं दिलें.

चार वर्षांनीं, १८४२ सालीं, मुंबईंत गोल्फ क्लब निघाला आणि एस्प्लनेडवर चेंडू उडूं लागले. योगायोग असा कीं, जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला तोही त्याच सालीं. ह्या क्लबानें थोड्याच वर्षांत सेंट अँड्र्यूज येथील मातृसंस्थेस एक रौप्यपदक अर्पण केलें. मुंबईचें नांव त्या पदकास अद्याप आहे.

ज्या सेंट अँड्र्यूजला हें पदक गेलें, तेथील रीत पाहण्याजोगी आहे. स्कॉटलंडांत हा खेळ समुद्रकांठच्या सार्वजनिक माळांवर वाढला. १४५७ सालीं तेथील पार्लमेंटानें त्यास बंदी केली, ती लोक धनुर्विद्या सोडून ह्याच्याच नादीं लागले म्हणून; म्हणजे खेळ सामान्यांचाच होता. १५५२ च्या सनदेनें सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांचा त्या माळावर खेळण्याचा हक्क मान्य झाला. त्याच माळावर मेंढ्या चरत आणि गांवचीं माणसें खेळत. एकानें दुसऱ्यास हुसकावल्याविना दोन्ही चाले. मुंबईस खेळ आला, पण गांवकऱ्यांच्या हक्काची ती सनद जहाजांत चढली नाहीं.

हें केवळ गोल्फापुरतें नव्हतें. १८८० नंतर ह्याच मैदानावर जिमखान्याच्या गोऱ्या पोलोवाल्यांचे घोडे देशी क्रिकेट खेळणारांची जमीन उखडून टाकीत. त्यावरून अर्ज व प्रतिअर्ज वर्षानुवर्षें चालले. त्या वादाच्या कथा सांगितल्या जातात, कारण क्रिकेट पुढें सर्वांचें झालें. गुरांच्या बाजूनें अर्ज लिहिणारा कोणी विद्वान निघाला नाहीं.

१८६० नंतरच्या दशकांत फ्रिअर गव्हर्नर असतां तट पाडले गेले. मोकळ्या झालेल्या जागेंत मोठमोठ्या इमारती उठल्या आणि एस्प्लनेडचे तुकडे झाले: ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज. सुटीच्या दिवशीं तेथें आज क्रिकेटचे एकांत एक गुंतलेले सामने चालतात, आणि ते पाहावयास कोणाची चिठ्ठी लागत नाहीं. आमच्या प्रवाशानें तेथें घटकाभर थांबावें.

परतीच्या वाटेवर पश्चिम रेल्वेचें चर्नी रोड स्थानक लागेल. जमशेटजींच्या त्या चरणीवरून हें नांव पडलें, असें सांगतात. २०२४ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें तें बदलून गिरगांव करण्याचा ठराव केला.