दप्तर आणि दिरंगाई

'दप्तर' हा शब्द फारसीतून आला, आणि 'दिरंगाई'ही. कारकून, रुजू, दाखल, तगादा हे सगळे अरबी-फारसी गोतावळ्यातलेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. अमात्य आले, सचिव आले. दिरंगाई मात्र जागची हलली नाही! शेवटी २००५ साली महाराष्ट्राने कायदा केला, त्यालाही लोकांनी नाव दिले 'दप्तर दिरंगाई कायदा'. सरकारी सेवकाच्या टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नगरपालिका-ग्रामपंचायतींच्या दाखल्यांनाही मुदत घातली, दंड ठेवला.

धाकाने कागद हलतो, हे खरे. पण सातव्या दिवशी त्रुटी काढून तो परत पाठवताही येतो. मन कामात कसे यावे?

माझे घर विश्रामबागेत, सांगली आणि मिरजेच्या मधे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. तीन गावांचे कर्मचारी आणि त्यांच्या तीन तऱ्हा एका कारभारात आल्या. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मी दरवेळी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोचतो.

तिथे १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कारकुनाला कामचुकार ठरवले नाही. आधी त्याचे टेबल पाहिले. नवे-जुने, निकाली-बेनिकाली सगळे कागद एकाच ढिगात. त्या ढिगापुढे हुशार माणूसही खचेल. लखिनांनी सहा गठ्ठे करायला लावले : हातातली प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी आणि नष्ट करायची. 'ड' वर्गाच्या कागदाचे आयुष्य अवघे वर्षाचे असते, तरी तो वर्षानुवर्षे जागा अडवी. बसण्याची मांडणीही बदलली. आपण आज काय केले, हे कारकुनाला संध्याकाळी दिसू लागले. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

ती कचेरी महसूल खात्याची, पण गठ्ठे जिल्हा परिषदांतही पोचले. साताऱ्यातल्या निढळ गावचे चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना २०१७ मध्ये त्यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम काढली, तिचा पाया हाच.

आमच्या तासगावच्या आर. आर. पाटलांनी २०००-०१ मध्ये दुसरी वाट धरली. ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बक्षीस गावाला मिळे, पण तपासणीची समिती यायची म्हटल्यावर ग्रामसेवकही हातात खराटा घेई. एरवी त्याच्याकडे येणारा पाहुणा लेखापरीक्षक. हे पाहुणे चांगले काय झाले ते बघायला येत.

नगरच्या त्या प्रयोगाला 'लखिना पॅटर्न' असे नाव पडले. गठ्ठे सोडून पुन्हा बांधणाऱ्या कारकुनांपैकी कुणी आज हे वाचत असेल, तर त्यांना माझा सलाम.