आठ आणे रोज : खाणीतल्या आया आणि पोटातल्या पोरांचा इतिहास

विषय वाचून काहींना वाटलं असेल की आज इथे डॉक्टर बोलणार. मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवते. पण गर्भारपणात आईला जे सोसावं लागतं त्याचं मुलाच्या पुढच्या आयुष्यात काय होतं, हा प्रश्न दवाखान्याइतकाच खाणीचाही आहे. आणि कन्हानमध्ये खाणीबद्दल बोलायचं तर प्रस्तावना लागत नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला वेकोलिच्या खाणी, थोडं वर गेलं की मनसरकडचं मँगनीज. इथल्या कितीतरी घरांत आजीनं नाहीतर पणजीनं डोक्यावर टोपली वाहिलेली आहे.

तर 1943 सालापासून सुरू करू. युद्ध चालू होतं, कोळसा कमी पडत होता. खाणीतले मजूर लष्करी बांधकामांवर जात होते, तिथं पैसे बरे मिळत. बायकांनी जमिनीखाली काम करायला 1929 पासून टप्प्याटप्प्यानं मनाई होत गेली होती आणि 1937 मध्ये ती पूर्ण झाली होती. 1943 मध्ये सरकारनं ही बंदी उठवली. ज्या प्रांतांत ती उठली त्यांत आपला मध्य प्रांतही होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कोणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे.

इथं जरा थांबलं पाहिजे, कारण हा भाग आपण भाषणांत सहसा गाळतो. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीका झाली आणि बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं होतं की ही आणीबाणीची, तात्पुरती सोय आहे. आणि पुरुषाइतकंच काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हे तत्त्व यात आलं आहे. समान वेतनाचा मुद्दा खराच मोठा होता. पण गरोदर बाई खाली उतरणार, हेही तितकंच खरं होतं. हा पेच त्यांना दिसत नव्हता असं म्हणता येणार नाही, कारण 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला त्यांनीच जोरदार पाठिंबा दिला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे. आणि बायकांच्या श्रमावर मालक नफा कमावतो, तेव्हा खर्चाचा काही भार त्यानं उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते विधेयक 1929 मध्ये कायदा झालं. पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, आपल्या मध्य प्रांतानंही तसा कायदा केला. तो कारखान्यांसाठी होता, खाणींसाठी नव्हे.

खाणींचा कायदा आला 1941 मध्ये. बाळंतपणाआधी चार आठवडे, नंतर चार आठवडे, रोजचे आठ आणे. त्यातही अट होती की त्या खाणीत आधी सहा महिने काम केलेलं असलं पाहिजे. ज्या बायका हंगाम बघून खाणीवर येत आणि पेरणीला गावी परत जात, त्यांच्यासाठी ही अट म्हणजे बंद दारच. 1943 आणि 1945 मध्ये बाबासाहेबांच्याच खात्यानं या कायद्यात दुरुस्त्या केल्या, आणि 1945 च्या दुरुस्तीत जमिनीखाली काम करणाऱ्या बाईची बाळंतपणाआधीची रजा वाढली. म्हणजे बाई आधी खाली उतरली आणि तिच्यासाठीचं संरक्षण मागाहून आलं. मला हा क्रम उलटा वाटतो. बंदी परत लागू झाली फेब्रुवारी 1946 मध्ये.

आता एक गोष्ट बघा. या सगळ्या कायद्यांनी आईचे दिवस मोजले, पैसे मोजले. मुलाचं वजन मोजा, असं कुठे म्हटलं नाही. याचं महत्त्व कळायला जरा इंग्लंडला जावं लागेल. हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात 1911 पासून सुईणी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन वहीत लिहीत होत्या, वर्षाचं झालं की पुन्हा लिहीत. त्या वह्या वर्षानुवर्षं पडून होत्या. 1980 च्या दशकात डेव्हिड बार्कर नावाच्या संशोधकानं त्या शोधल्या आणि ती बाळं म्हातारी होऊन कशानं गेली ते ताडून पाहिलं. जन्मतः जितकं वजन कमी, तितकं पुढं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त, असा धागा निघाला.

दुसरा पुरावा हॉलंडचा. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि माणसी अन्न हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या काळात पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांना तपासलं. गर्भारपणाच्या उत्तरार्धात उपास घडलेल्यांत साखर नीट न पचण्याचं प्रमाण जास्त, तर सुरुवातीच्या महिन्यांत घडलेल्यांत हृदयविकाराचं. म्हणजे किती भूक एवढाच प्रश्न नाही, कोणत्या महिन्यात भूक हाही आहे. आणि योगायोग बघा, हॉलंडात हे घडत होतं त्याच हिवाळ्यात आपल्या प्रांतात बायका कोळशाच्या खाणीत उतरत होत्या.

हे होतं कसं? पुरवठा तुटपुंजा पडला की गर्भ आधी मेंदू वाचवतो. रक्त तिकडं वळतं, मग मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या जन्माआधीच ठरते, नंतर वाढत नाही. कमी गाळण्या घेऊन आलेल्या माणसाला चाळिशीत बीपी सुरू झालं तर त्याचं एक मूळ तिथं असू शकतं. आईचं बीपी वाढून अंगावर सूज येते, झटके येतात, त्या आजारात वारेच्या रक्तवाहिन्याच नीट तयार झालेल्या नसतात. मूल बारीक राहतं किंवा अपुऱ्या दिवसांचं जन्मतं, आणि अशा मुलांचं स्वतःचं बीपीही पुढं थोडं जास्त आढळतं. गर्भारपणातल्या मधुमेहाची तऱ्हा उलटी. आईची साखर वारेतून पार होते, पण तिचं इन्सुलिन होत नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, फुगतं, आणि मोठेपणी लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्याकडं झुकतं. झुकतं म्हणते मी, होतंच असं नाही. हा शिक्का नव्हे. सातव्या महिन्यात जन्मलेली धडधाकट माणसं या सभागृहातही असतील.

आपल्याकडं हे काम नीट झालं पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांना गर्भारपणाच्या आधीपासून मोजायला घेतलं. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे 2.7 किलो, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आपली बाळं हाडामांसानं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र तितकीशी कमी नाही. बारीक तरी चरबीदार. हाडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, या कोड्याची एक किल्ली इथं सापडली. ज्या बायकांच्या ताटात पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं भरलेली होती. बहुतेक बायकांत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं दिसली.

आणि या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. या बायका गरोदरपणी किती राबतात हेही मोजलं होतं. शेतीचं काम, पाणी भरणं, जड उचलणं. ज्या जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान होती. चांगलं खा, हे सांगायला सोपं. काम कमी कर, हे कोणी कोणाला सांगायचं? मुकादमाला?

आपल्या भागात त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, सिकलसेल. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 मध्ये मध्य भारतातल्या लोकांतल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, तेव्हापासून विदर्भातलं त्याचं अस्तित्व वैद्यकाला ठाऊक आहे. सिकलसेल असलेल्या आईच्या वारेत रक्तपुरवठा अडखळतो, मूल बारीक राहण्याचा, लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. आजही कित्येकींना आपल्याला सिकलसेल आहे हे पहिल्या बाळंतपणात कळतं. आपल्याकडं तपासणी लग्नाआधी पत्रिकेची होते, रक्ताची नाही.

शिवाय घरातली जुनी समजूत : कमी खा, नाहीतर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण जड जाईल. याला अडाणीपणा म्हणून हसू नका. जिथं दवाखाना दूर होता आणि अडलेली बाई मरतच असे, तिथं आईला वाचवायचा तो हिशेब होता. पण त्याची किंमत मुलानं फेडली.

1961 च्या कायद्यानं बारा आठवड्यांची रजा आली, 2017 मध्ये ती सव्वीस झाली. कोळसा खाणी 1973 पर्यंत सरकारी झाल्या. कायम नोकरीतल्या बाईला हे सगळं मिळतं. पण वीटभट्टीवरच्या, धान रोवणीच्या, ठेकेदाराकडच्या बाईला सव्वीस आठवडे कोण देतो? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये आहेत, हप्त्यांत. 1941 च्या कायद्याचे आठ आणे रोज आठ आठवड्यांचे होतात अठ्ठावीस रुपये, आणि ते मजुरीच्या बदल्यात होते, म्हणजे बाईनं घरी राहावं म्हणून. पाच हजारांत नऊ महिन्यांपैकी किती दिवस घरी राहता येतं, हा हिशेब तुम्ही आजच्या रोजीवर करा.

पुण्याच्या त्या सहा गावांत 1993 ते 96 दरम्यान पोटात असलेली मुलं आता आईबाप झाली आहेत. 2012 पासून त्यांच्यातल्याच तरुण मुलामुलींना, लग्नाच्या आधी, बी-12 देऊन पाहिलं गेलं. त्यांच्या बाळांचंही मोजमाप झालं. एका घरच्या तीन पिढ्या वहीत आल्या. आपल्या खाणपट्ट्यात अशी वही आशाताईंच्या नोंदींतून उभी राहू शकते, वजन त्या लिहितातच. पण ती पन्नास वर्षं जपायची कोणी, हे ठरवावं लागेल.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या ओळीतल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, आधी त्यांना माइक द्या.